अवलंबित कोण? घराचे उत्तर आणि करकायद्याचे उत्तर

गोंदिया शहराला लागूनच मुर्री हे गाव आहे. सभोवती सगळा धानाचा मुलूख. पावसाळ्यात बांध्यांत उभे राहिलेले पीक दिवाळीच्या सुमारास घरी येऊ लागते आणि राईस मिल, अडत, बारदाना, किराणा अशा सर्वच व्यवहारांना वेग येतो. या भागातील व्यापारी घरांत हिशेबाची शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पोत्यामागे तूट किती आली, हमालीचे किती गेले, कोणाकडे उधारी किती राहिली, हे सारे वहीत असते. वहीत सापडत नाही तो एकच खर्च, घरातल्या माणसाच्या सांभाळाचा.

अशा गावातील एक कुटुंब केवळ उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. वडील निवर्तले आहेत. आई ७२ वर्षांची आहे. थोरला मुलगा धानाची खरेदी-विक्री पाहतो, मधल्याचे गोंदियात कापडाचे दुकान आहे. धाकटा ३४ वर्षांचा आहे. जन्मापासून त्याला तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व आहे. त्याला जेवू घालावे लागते, वेळेवर औषध द्यावे लागते, सोबतीला माणूस ठेवावा लागतो. औषध मधला आणतो, सोबतीच्या माणसाचा पगार थोरला देतो, वहिन्या त्याचे पथ्यपाणी सांभाळतात आणि आई रात्री त्याच्या खोलीत झोपते. वडिलोपार्जित गोदामाचे भाडे येते, तेही याच घरात खर्च होते.

विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत सनदी लेखापाल साधा प्रश्न विचारतात, “धाकट्या भावाचा खर्च कोण करतो?” उत्तर येते, “आम्ही सगळेच.” घराच्या दृष्टीने याहून सुंदर उत्तर नाही. करकायद्याच्या दृष्टीने मात्र हे उत्तर अपुरे आहे. अवलंबिताच्या संगोपनासाठी कायदा सवलत देतो, पण ती ‘सगळ्यांना’ देत नाही. ती मिळते ठरावीक करदात्याला, ठरावीक नात्यासाठी आणि ठरावीक कागदावर. ज्या घरात प्रेम भरपूर आणि कागद थोडे, तेथे हक्काची वजावट वर्षानुवर्षे हातची जाते.

वजावट वेगळी, सूट वेगळी

आधी दोन शब्दांतील फरक स्पष्ट करून घ्यावा. करपात्र उत्पन्नातून जी रक्कम वगळली जाते ती वजावट. काढलेल्या करातूनच जी रक्कम थेट कमी होते ती करसूट. एक लाखाची वजावट म्हणजे एक लाखाचा कर वाचला असे नव्हे. ५ टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचे त्यातून ५ हजार वाचतात, ३० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचे ३० हजार. भारतात अवलंबितांसाठी आहेत त्या वजावटी.

अमेरिकेत याच कामासाठी करसूट आहे. तेथे अपत्यामागे २०२५ या वर्षापासून २,२०० डॉलरपर्यंतची रक्कम थेट करातून कमी होते. आज अनेक व्यापारी घरांतील मुले तिकडे नोकरीला आहेत, म्हणून एक गोष्ट येथेच सांगणे बरे. गोंदियात राहणाऱ्या भारतीय नागरिक आईला दरमहा पैसे पाठवले, म्हणून तिकडच्या मुलाला तिच्या नावावर अमेरिकेत अशी सूट मिळत नाही, कारण अवलंबित व्यक्ती त्या देशाची नागरिक वा रहिवासी असावी लागते. उलट बाजूनेही मार्ग बंद आहे. दिव्यांग अवलंबितासाठीची भारतातील वजावट केवळ येथील रहिवासी करदात्यासाठी आहे. परदेशी स्थायिक भावाला ती मागता येत नाही.

भारतीय करव्यवस्थेने कुटुंबाकडे कधीच पाहिले नाही असे मात्र नाही. रायगड जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात करमुक्त उत्पन्नाची मर्यादा अविवाहितांना १,००० रुपये आणि विवाहितांना २,००० रुपये अशी वेगवेगळी ठेवण्यात आली होती. पुढे काही काळ मुलांच्या संख्येनुसारही ही मर्यादा वाढत असे. ती पद्धत मागे पडली. आज निव्वळ मूल आहे म्हणून वेगळी वजावट नाही. कलम ८०सी खाली दोन मुलांपर्यंतचे शिक्षणशुल्क धरता येते, तेवढाच त्या विचाराचा अवशेष उरला आहे. कायद्याचे लक्ष आता आजारपण आणि दिव्यांगत्व या दोन ओझ्यांकडे आहे.

प्रत्येक कलमाचा अवलंबित निराळा

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच आयकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आयकर कायदा २०२५ आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून पुढील क्रमांक जुन्या कायद्याचे समजावेत.

पहिले कलम ८०डी, आरोग्यविम्याच्या हप्त्याचे. स्वतः, जोडीदार आणि अवलंबित मुले यांच्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांच्या विम्यासाठी आणखी २५,००० रुपये. ते ६० वर्षे पूर्ण केलेले असतील तर ही मर्यादा ५०,००० रुपये होते. येथे आईवडील आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट नाही. आईचे स्वतःचे व्याजाचे उत्पन्न असले तरी तिचा हप्ता भरणाऱ्या मुलाला वजावट मिळते. ज्येष्ठ नागरिकाचा विमाच नसेल तर त्याच्या औषधोपचाराचा खर्चही याच मर्यादेत धरता येतो. परंतु हप्ता वा हा खर्च रोखीने केला तर वजावट नाही. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक आरोग्यतपासणीचा, तोही ५,००० रुपयांपर्यंत. रोखीच्या व्यवहाराची सवय असलेल्या पेढ्यांनी ही अट विशेष ध्यानात ठेवावी. या कलमात व्यक्तीला भाऊ-बहिणीचा हप्ता धरता येत नाही.

दुसरे कलम ८०डीडी, म्हणजे दिव्यांग अवलंबिताचे संगोपन. येथे नात्यांची यादी रुंद होते: पती वा पत्नी, मुले, आईवडील, भाऊ आणि बहिणी. अट अशी की ती व्यक्ती करदात्यावर पूर्णतः किंवा मुख्यतः अवलंबून असावी. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असेल तर ७५,००० रुपये आणि ८० टक्के वा अधिक असेल तर १,२५,००० रुपये वजावट मिळते. ही रक्कम ठोक आहे. खर्च ४० हजार झाला असो वा ४ लाख, वजावट तेवढीच. खर्च झाला पाहिजे, एवढेच कायदा पाहतो.

तिसरे कलम ८०डीडीबी, विशिष्ट गंभीर आजारांसाठी. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, पार्किन्सन यांसारख्या आजारांच्या उपचारावर प्रत्यक्ष झालेला खर्च ४०,००० रुपयांपर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १,००,००० रुपयांपर्यंत वजा होतो. विमा कंपनीने जेवढे दिले तेवढे त्यातून कमी होते. तज्ज्ञ डॉक्टरांची विहित तपशिलाची चिठ्ठी जवळ असावी लागते.

या तिन्ही कलमांत व्यक्तीसाठी एक मोठी उणीव राहते. सून, भावजय, पुतण्या, नातू हे घराच्या दृष्टीने तेवढेच आपले. व्यक्तीच्या विवरणपत्रात मात्र ते ‘अवलंबित’ ठरत नाहीत. विधवा भावजयीचा आजार दिराने कितीही निष्ठेने निभावला तरी त्याच्या नावे ही वजावट नाही. येथेच अविभक्त कुटुंबाची संस्था उपयोगी पडते.

कोणाच्या विवरणपत्रात?

हिंदू वारसा कायदा १९५६ जैनांनाही लागू आहे आणि आयकरात जैन कुटुंबाचे हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजे एचयूएफ, स्वतंत्र करदाता मानले जाते. २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला अल्पसंख्याक समाज म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे या व्यवस्थेत काही फरक पडला नाही. वर सांगितलेल्या तिन्ही कलमांत एचयूएफला आपल्या ‘कोणत्याही सदस्यासाठी’ वजावट मागता येते. भावजय सदस्य आहे, पुतण्या सदस्य आहे, नातूही सदस्य आहे.

आता मुर्रीच्या त्या घराचे आकडे मांडून पाहावेत.

समजा, थोरल्या भावाचे उत्पन्न ११ लाख रुपये आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर कलम ८७ए च्या सुटीमुळे त्याला कर शून्य येतो. ८०डीडी सारख्या वजावटी नव्या प्रणालीत नाहीत, पण त्याला त्यांची गरजही नाही. उत्पन्न १५ लाख धरले तर नव्या प्रणालीत उपकरासह कर १,०९,२०० रुपये होतो. जुन्या प्रणालीत ८०सी चे दीड लाख, आपल्या कुटुंबाच्या आणि आईच्या विम्याचे ७५ हजार आणि भावासाठी सव्वा लाख, अशी साडेतीन लाखांची वजावट घेऊनही कर १,६३,८०० रुपये येतो. म्हणजे भावाची वजावट घेण्यासाठी थोरल्याने जुन्या प्रणालीत जाणे तोट्याचे आहे.

यात आणखी एक धोका आहे. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो; आणि एकदा जुनीत जाऊन पुन्हा नवीत परतले की व्यवसाय चालू असेपर्यंत जुनीचे दार बंद होते. पगारदाराला दरवर्षी निवड करता येते, व्यापाऱ्याला तशी मोकळीक नाही.

आता तोच भार एचयूएफच्या वहीत मांडावा. गोदामाचे भाडे आणि ठेवींचे व्याज मिळून कुटुंबाचे निव्वळ उत्पन्न ७ लाख रुपये धरू. ८७ए ची सूट केवळ व्यक्तींना आहे, एचयूएफला ती मिळत नाही. म्हणून नव्या प्रणालीत एचयूएफला ४ लाखांवरील ३ लाखांवर ५ टक्क्यांनी १५,००० आणि उपकर ६०० असे १५,६०० रुपये भरावे लागतात. जुन्या प्रणालीत ८०सी चे दीड लाख, कुटुंबाच्या खात्यातून भरलेल्या आईच्या विम्याचे ५० हजार आणि धाकट्यासाठी सव्वा लाख, असे सव्वातीन लाख वजा जाऊन करपात्र उत्पन्न ३,७५,००० रुपये उरते. त्यावर उपकरासह कर ६,५०० रुपये. वर्षाला ९,१०० रुपये वाचले. एचयूएफचे स्वतःचे व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर ही निवड दरवर्षी विवरणपत्रातच करता येते. विवरणपत्र मात्र मुदतीत भरले पाहिजे.

रक्कम फार मोठी नाही, पण सोबतीच्या माणसाचा थोडा तरी पगार तीतून निघतो. आणि ती हक्काची आहे.

या मार्गालाही अटी आहेत. धाकट्याचा सांभाळ खरोखरच एचयूएफच्या पैशातून व्हायला हवा. औषधाचे बिल मधल्याच्या खात्यातून, पगार थोरल्याच्या खात्यातून आणि वजावट एचयूएफला, असे चालणार नाही. ज्या खात्यातून खर्च, त्याच विवरणपत्रात वजावट, हा नियम पाळावा. एकाच व्यक्तीसाठी थोरल्याने, मधल्याने आणि एचयूएफने स्वतंत्रपणे वजावट मागणेही टाळावे. माणूस ‘मुख्यतः’ एकावरच अवलंबून असू शकतो. तसेच एचयूएफ अस्तित्वात असायला हवे. चुली वेगळ्या झाल्या म्हणून ते संपत नाही, आणि आयकरात अंशतः वाटणीही मानली जात नाही. परंतु पूर्ण वाटणी होऊन तशी नोंद झाली असेल, तर त्या कुटुंबाच्या नावे पुढे काही मागता येत नाही. वाटणीच्या बैठकीत दुकान आणि गोदामाबरोबरच धाकट्याच्या सांभाळाचाही निर्णय लिहून ठेवावा, तो याचसाठी.

चूक बहुधा कागदावर होते

८०डीडी चा पाया म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ हा पुरावा नव्हे. सक्षम शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे, टक्केवारी स्पष्ट लिहिलेले प्रमाणपत्र लागते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून शासकीय रुग्णालयातील तपासणीनंतर यूडीआयडी कार्ड मिळते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असेल तर आयकरासाठी फॉर्म १०-आयए हा विहित नमुना आहे. विवरणपत्रात अवलंबिताचा पॅन वा आधार क्रमांक आणि प्रमाणपत्राचा तपशीलही द्यावा लागतो.

अनेक घरांत ही तपासणीच झालेली नसते. मुलगी दाखवायला येणाऱ्यांना कळेल, मोठ्या भावाच्या लग्नाला अडचण येईल, या भीतीने प्रमाणपत्र टाळले जाते. त्या संकोचाची किंमत करापुरती राहत नाही. शासनाच्या इतर सवलतींचे दारही त्याच कागदाने उघडते. लपवल्याने दिव्यांगत्व जात नाही, हक्क तेवढा जातो.

मुदतीच्या प्रमाणपत्राबाबत अधिक जपावे लागते. पुनर्तपासणीची तारीख असलेले प्रमाणपत्र ज्या आर्थिक वर्षात संपते त्या वर्षापर्यंतच चालते. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले असेल, तर २०२५-२६ साठी नवे हवे.

आणखी एक चूक नकळत होते. धाकट्याच्या नावे ठेव असते, बँक व्याजातून कर कापते आणि तो परत मिळवण्यासाठी कोणीतरी त्याच्या नावे विवरणपत्र भरतो. त्यात जुनी प्रणाली निवडून कलम ८०यू, म्हणजे स्वतःच्या दिव्यांगत्वाची वजावट, घेतली जाते. त्याने स्वतः ८०यू घेतले की त्याच्यासाठी ८०डीडी कोणालाही मागता येत नाही. ज्याचे उत्पन्न तसेही करमर्यादेच्या खाली आहे, त्याला ८०यू ची गरजच नसते. त्या एका खुणेने कुटुंबाची सव्वा लाखाची वजावट जाते.

अज्ञान मुलांच्या ठेवींबाबत मात्र कायदा दिव्यांग मुलाला झुकते माप देतो. एरवी अज्ञान मुलाचे व्याज आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवले जाते. ८०यू च्या व्याख्येत बसणाऱ्या दिव्यांग मुलाचे उत्पन्न मिळवले जात नाही, ते त्याचेच राहते.

आईचा प्रश्न

करातील बचतीचा हिशेब येथे संपतो. आईचा प्रश्न त्याहून मोठा आहे: माझ्यामागे याचे काय?

कलम ८०डीडी मध्ये या प्रश्नाचा विचार आहे. आयुर्विमा महामंडळ किंवा अन्य विमा कंपनीच्या मान्य योजनेत धाकट्यासाठी रक्कम भरली तरी हीच वजावट मिळते. पूर्वी अशी अट होती की पैसे भरणाऱ्याच्या मृत्यूनंतरच दिव्यांग व्यक्तीला रक्कम मिळावी. पालक म्हातारा झाला, कमाई थांबली, तरी तो हयात असेपर्यंत मुलाच्या हाती काही येत नसे. हा प्रश्न ‘रवि अग्रवाल विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जानेवारी २०१९ मधील निकालात न्यायालयाने याचिका मान्य केली नाही, पण सरकारने या अटीचा पुनर्विचार करावा असे सुचवले. त्यानंतर २०२२ च्या वित्त कायद्याने बदल झाला. आता पैसे भरणाऱ्याने वयाची ६० वर्षे पूर्ण करून भरणा थांबवला, की त्याच्या हयातीतच वार्षिकी किंवा एकरकमी पैसे अवलंबिताला सुरू होऊ शकतात. ५० वर्षांच्या थोरल्या भावासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे: धाकट्याला मिळणारा आधार तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकेल.

दुसरी तरतूद पालकत्वाची. मुलगा १८ वर्षांचा झाला की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. वडिलोपार्जित मालमत्तेत धाकट्याचाही हिस्सा आहे. त्याच्या वतीने सही कोण करणार, हे आई असतानाच ठरलेले बरे.

मुर्रीच्या त्या घराने यंदा एवढेच करावे. एचयूएफच्या बँक खात्यातून धाकट्याची औषधे आणि सोबतीच्या माणसाचा पगार जाऊ द्यावा. आईच्या विम्याचा हप्ता त्याच खात्यातून, रोखीने नव्हे, भरावा. प्रमाणपत्राची तारीख पाहून ठेवावी. दोन्ही प्रणालींचे आकडे लेखापालांकडून मांडून घेऊन मगच निवड करावी. आणि दिवाळीला नवी वही उघडताना तीत एक पान धाकट्याच्या नावाचे असावे. सांभाळ पूर्वीसारखाच सगळे करतील. उद्या आई नसेल, थोरला थकलेला असेल, तेव्हा पुढच्या पिढीला ते पान उघडून कळेल की या घराने त्याच्यासाठी काय ठरवले होते.